७० ते ५५ च्या दरम्यान हँडल थरथरतं : कोन सेट बदलण्याआधी काय काय तपासावं?

मंदगती

नमस्कार मंडळी. गेल्या काही महिन्यांपासून माझ्या गाडीचं हँडल थरथरायला लागलंय. गाडी साधी, रोजच्या वापराची. दोन्हीकडे १७ इंची अलॉय, पुढे डिस्क ब्रेक, नेहमीचे टेलिस्कोपिक शॉकअप. रनिंग ३० हजारांच्या आसपास.

लक्षण असं : ताशी ८० किमीला गाडी एकदम शांत असते. थ्रॉटल सोडून वेग आपोआप उतरू दिला की ७० च्या सुमाराला हँडल डावी-उजवीकडे बारीक थरथरू लागतं आणि ५५ च्या खाली आलं की थांबतं. हँडल घट्ट धरलं तर जवळपास कळतही नाही, पकड सैल केली की लगेच वाढतं. मागे टॉप बॉक्स आहे, त्यात रोजचं सामान. पुढचा टायर निम्मा झिजलाय. गाडी कधी पडलेली नाही.

गॅरेजमध्ये नेली, तर चक्कर न मारताच "कोन सेट गेला, बदलून टाका" असं सांगितलं. कोन सेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती वर-खालची बेअरिंग. असेलही गेला. पण याच लक्षणावर कोणी टायर सांगतं, कोणी बेअरिंग, कोणी शॉकअप. सगळं एकदम बदललं तर त्रास जाईल, पण तो कशामुळे होता ते कळणार नाही आणि पुन्हा आला तर मी परत तिथेच उभा. मोजक्या हत्यारांनी घरी काय तपासता येईल, आणि कोणत्या क्रमाने?

धुरकट

कोन सेटच. माझ्या गाडीला अगदी असंच होतं. बदलला, गेलं.

पानापकड

धुरकट यांचं उत्तर शेवटी बरोबर निघेलही, पण "पुढून हलतं" एवढ्यावर पार्ट बदलायला काढू नये. पुढून हलणं म्हणजे किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

एक, फक्त हँडल आणि पुढचं चाक झपाट्याने डावी-उजवीकडे थरथरतं, बाकी गाडी सरळ जात असते. सेकंदाला आठ-दहा वेळा, म्हणजे मोजता येणार नाही इतकं पटापट. याला वॉबल म्हणायचं. दोन, अख्खी गाडी संथपणे डोलते, सेकंदाला दोन-तीन हेलकावे, आणि ते सीटखालून जाणवतात. हे जास्त वेगात होतं, मागे वजन असेल तर लवकर होतं. याला वीव्ह म्हणतात आणि तिथे संशय मागच्या अंगावर घ्यायचा : स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे आतल्या झिजणाऱ्या कड्या, मागचं बेअरिंग, मागचा टायर, मागचा शॉक. तीन, ब्रेक दाबला तरच लिव्हरमध्ये आणि हँडलमध्ये धडधड येते, सोडला की बंद. तिथे आधी डिस्क बघायची.

मंदगती, तुमचं वर्णन पहिल्यात बसतं. तरी काही प्रश्न : टायर थंड असताना हवा किती आहे? बॉक्स काढून गाडी चालवून पाहिलीत का? रस्ता बदलला तर थरथर बदलते का? टायरवरून तळहात फिरवून पाहिलात का, नुसत्या नजरेने नव्हे? आणि हे सुरू व्हायच्या आधी गाडीचं कुठलं काम केलं होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट आठवून द्या. बऱ्याचदा दुखणं शेवटच्या कामातच असतं.

नवशिका

वाचतोय. माझ्या गाडीलाही थोडं आहे.

मंदगती

पानापकड, आभार. ब्रेकचा काही संबंध नाही, ब्रेक लावताना गाडी स्वच्छ थांबते. गुळगुळीत रस्त्यावर थरथर जास्त स्पष्ट कळते, खडबडीत रस्त्यावर बाकीच्या धक्क्यांत मिसळून जाते. आधी कुठलंही मोठं काम केलेलं नाही, हळूहळू वाढत गेलंय. हवा, बॉक्स आणि टायर या रविवारी बघतो.

ऑइलचा_डाग

हळूहळू वाढलंय ही मोठी खूण आहे. पंक्चर काढल्यावर किंवा नवा टायर टाकल्यावर अचानक सुरू झालं असतं तर मी आधी टायर नीट बसलाय का ते बघायला सांगितलं असतं. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक उठावाची रेघ असते, ती रिमपासून चहूबाजूंनी सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेलेली दिसली तर तिथे टायर रिमवर चढलेलाच नाही. हवा काढायची, साबणाचं पाणी लावायचं आणि पुन्हा भरायची. शिवाय टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे का तेही बघायचं.

हळूहळू वाढणाऱ्या थरथरीत मात्र झीज शोधायची. टायर, कोन सेट, शॉकअपचे बुश, व्हील बेअरिंग. पुढचं चाक उचलून हे सगळं एका बैठकीत तपासून होतं.

गाडी डबल स्टँडवर घ्या. मागच्या बाजूला कोणाला तरी दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. इंजिनखाली जॅक लावणार असाल तर मध्ये लाकडाची फळी ठेवा, सायलेन्सरच्या पाइपवर भार देऊ नका. आता समोर बसा, दोन्ही शॉकअपच्या खालच्या नळ्या, अगदी एक्सलजवळ, हातात धरा आणि पुढे-मागे ढकला-ओढा. 'खट्' जाणवलं तर ते कुठून येतंय ते शोधायचं, आणि इथेच बरेच जण फसतात. दुसऱ्या माणसाला खालच्या टी (दोन्ही शॉकअप धरणारा आडवा भाग) आणि फ्रेमच्या मधल्या फटीवर बोट ठेवायला सांगा. तिथे हालचाल जाणवली तर कोन सेट ढिला आहे. तिथे काही नाही, पण शॉकअपच्या डस्ट सीलपाशी (खालच्या नळीच्या तोंडावरच्या रबरापाशी) नळी आत हलताना जाणवली, तर बुश झिजलेत. आवाज सारखाच येतो, काम वेगळं निघतं.

मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश, दोन बोटांनी फिरवा. सरळ रेषेत आल्यावर बारीकशी खाच लागून थांबल्यासारखं वाटलं तर रेसवर (बॉल ज्यावर फिरतात त्या कडीवर) बॉलचे खड्डे पडलेत. गाडीचा बहुतेक वेळ सरळ जाण्यात जातो, त्यामुळे सगळे धक्के बॉल तिथेच बसलेले असताना झेलतात. हे असं असेल तर नट आवळून उपयोग नाही. मधे खाच तशीच राहणार आणि बाजूला वळवताना मात्र हँडल जड होणार.

डबलस्टँड

डबल स्टँडशिवाय पानही हलत नाही, हे पुन्हा सिद्ध झालं :)

गंमत बाजूला ठेवून एक भर : ऑइलचा_डाग यांनी सांगितलेली चाचणी चाक जमिनीवर ठेवून, पुढचा ब्रेक दाबून, गाडी पुढे-मागे हलवून करणारे पुष्कळ आहेत. त्यात ब्रेक पॅडची कॅलिपरमधली ढिलाई, बुश आणि कोन सेट अशा तिन्हींची हालचाल एकत्र जाणवते आणि सगळा दोष कोन सेटला जातो. चाक उचलूनच बघा.

धुरकट

अहो, एवढी तपासणी करण्यापेक्षा कोन सेट बदललेला काय वाईट? झिजणारीच वस्तू आहे. ३० हजारांत बऱ्याच गाड्यांचा जातो.

पानापकड

जातो, मान्य. पण टायरला चट्टे पडले असतील तर नवा कोन सेट टाकूनही थरथर राहील, आणि मग माणूस शॉकअप खोलायला निघेल. शिवाय कोन सेट बसवणं नाजूक काम आहे. रेस ठोकताना तिरकी बसली किंवा नट जास्त आवळला, तर आधी नव्हतं ते दुखणं मागे लागतं. जास्त आवळलेल्या कोन सेटची गाडी कमी वेगात सरळ जात नाही. सारखी थोडी इकडे, थोडी तिकडे झुकत राहते, आणि चालवणाऱ्याला वाटतं की टायरच खराब आहे. तपासणीला फार तर एक सकाळ लागते.

गणिती

वेगाच्या आकड्यावरून थोडा हिशेब मांडतो. त्यातून हे ७० लाच का होतं ते कळतं.

८०/१०० - १७ किंवा १००/८० - १७ टायर धरला तर रिमचा व्यास ४३२ मिमी, वर-खाली टायरची उंची ८०-८० मिमी, एकूण ५९२ मिमी. म्हणजे परीघ साधारण १.८६ मीटर. ७० किमी वेग म्हणजे सेकंदाला १९.४ मीटर. भागाकार करा, चाक सेकंदाला सुमारे साडेदहा फेरे घेतं. ५५ ला हाच आकडा सव्वाआठच्या जवळ येतो.

हँडल, शॉकअप आणि पुढचं चाक हे सगळं मिळून डावी-उजवीकडे हलण्याची स्वतःची एक लय असते. ती गाडीगणिक बदलते, पण नेहमीच्या मोटरसायकलींत सेकंदाला आठ-दहा आंदोलनांच्या आसपास सापडते. चाकात काही दोष असेल, बॅलन्स नसेल, टायर एका जागी उंच असेल, रिम आउट (वाकडी) असेल, तर दर फेऱ्याला हँडलला एक धक्का बसतो. त्या धक्क्यांची लय आणि हँडलची लय ७० ते ५५ मध्ये जुळते आणि थरथर वाढते. ८० ला धक्के असतातच, पण ते त्या लयीच्या पुढे निघून गेलेले असतात. थ्रॉटल सोडल्यावर भार पुढच्या चाकावर सरकतो, हातही सैल असतात, म्हणून वेग उतरताना ते ठळक दिसतं.

रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटरसायकलच्या स्थिरतेचं गणित मांडलं आणि तिच्या हालचालींचे तीन प्रकार वेगळे दाखवले : कॅप्साइझ (गाडी हळूहळू एका बाजूला कलणं), वीव्ह आणि वॉबल. टायरचा बाजूचा जोर तयार व्हायला जो किंचित उशीर लागतो तोही त्यांनी हिशेबात धरला होता. वर पानापकड यांनी केलेली वॉबल-वीव्हची विभागणी तीच आहे.

यातून माझा मुद्दा असा : दोन गोष्टी वेगळ्या शोधा. धक्का देणारं काय आहे, आणि तो धक्का वाढू देणारं काय आहे. टायर, बॅलन्स, रिम हे धक्का देणारे. ढिला कोन सेट, झिजलेले बुश, मागचं जास्त वजन, कमी हवा हे वाढू देणारे. धुरकट यांचा कोन सेट बदलून त्रास गेला, दुसऱ्या कोणाचा टायर बदलून जाईल. दोघांचा अनुभव खरा असतो, कारण साखळीची कुठलीही एक कडी काढली तरी थरथर थांबू शकते.

नवशिका

हे 'धक्का देणारं' आणि 'वाढू देणारं' पहिल्यांदाच कळलं. धन्यवाद गणिती.

रस्ताच_घर

माझं मत वेगळं आहे. हँडल सोडलं तर वेग उतरताना थोडी थरथर बहुतेक गाड्यांना असते, अगदी नव्यालाही. हात ठेवला की थांबते ना? मग त्यासाठी गाडी खोलत बसायची गरज नाही. हँडल धरूनच चालवायची वस्तू आहे ती.

वळणवेडी

रस्ताच_घर, तुमचं पहिलं वाक्य पटतं, दुसरं नाही. काही गाड्यांना जन्मापासून थोडी थरथर असते हे खरं. पण मंदगती सांगतायत की आधी नव्हतं आणि आता वाढतंय. बदल हेच लक्षण आहे. आज हाताने थांबतंय, उद्या बॉक्स भरलेला, हवा कमी आणि रस्त्यात उंचवटा असं एकत्र आलं तर हाताने थांबेलच असं नाही.

बॉक्सबद्दल माझा अनुभव सांगते. टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्याही मागे आणि उंचावर असतो. तिथे ठेवलेल्या वजनाने मागचा भाग दबतोच, शिवाय पुढच्या चाकावरचा भार कमी होतो. माझ्या गाडीला बॉक्स रिकामा असताना काही नव्हतं, भरला की हँडल हलकं होऊन थरथरायचं. सामान टाकीवरच्या बॅगेत आणि सीटवर पुढे सरकवून बांधलं, मागच्या शॉकचं प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) दोन खाचा वाढवलं, दोन्ही टायरची हवा दोघांच्या वजनासाठी चेनकव्हरवर छापलेल्या आकड्यावर आणली, आणि फरक लगेच जाणवला. हँडलला लावलेली विंडशील्ड, जाड हँडगार्ड, मोबाइलचा जड स्टँड यांचाही असाच परिणाम होतो. एकेक काढून चालवून बघा.

आणि कृपा करून कोणी भर रस्त्यात दोन्ही हात सोडून 'टेस्ट' करू नका. पकड सैल करून तळहात ग्रिपवर टेकवलेले ठेवले तरी जे कळायचं ते कळतं.

स्पोकवाला

अलॉय आहे म्हणून रिम सरळच असेल असं धरू नका. खड्ड्यात आपटलेलं अलॉयही आउट होतं, फक्त स्पोकच्या चाकासारखं त्याचं आउट काढता येत नाही. बघायची सोपी रीत : शॉकअपच्या नळीला एक प्लास्टिकची केबल-टाय बांधा, तिचं टोक रिमच्या कडेपासून कागदभर अंतरावर येईल असं कापा आणि चाक सावकाश फिरवा. टोक आणि रिममधली फट कुठे वाढते, कुठे कमी होते ते दिसतं. आधी बाजूने बघा, मग वरून. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन्हीकडे २ मिमी ही मर्यादा दिलेली असते.

स्पोकचं चाक असेल तर प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकी टिचकी मारायची. ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो, ढिला बद्द वाजतो.

त्याच बैठकीत व्हील बेअरिंगही बघून घ्या. चाक वरून आणि खालून धरा, एक हात ढकला, एक ओढा. शॉकअप जागचा न हलता चाकच लटलटलं तर बेअरिंग. मग हाच प्रयोग डावी-उजवीकडे धरून. आणि फिरवताना घरघर येते का ते कान लावून ऐका.

मंदगती

रविवारी तपासणी केली. सविस्तर लिहितो.

हवा : दोन्ही टायरमध्ये कमी निघाली, पुढे जास्तच. भरून चालवली, थोडा फरक पडला. बॉक्स काढून चालवली, थरथर अजून कमी झाली आणि ६५ ते ६० एवढ्या टापूतच उरली. पण गेली नाही.

चाक उचलून : खाली धरून ढकलल्यावर बारीक 'खट्' आहे. बायकोने खालच्या टीपाशी बोट ठेवलं, तिला तिथे स्पष्ट जाणवलं. डस्ट सीलपाशी काही नाही. हँडल सावकाश फिरवताना मधोमध हलकी खाच लागते. व्हील बेअरिंग घट्ट. रिम बाजूने मिमीभर आउट, वरून त्याहून कमी.

टायर : नजरेला ठीक दिसत होता. तळहात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने मात्र प्रत्येक ठोकळ्याची कड हाताला लागते. डाव्या अंगाला लाटा पडल्यासारखं आहे.

म्हणजे टायरही दोषी आणि कोन सेटही? आता आधी काय करू?

धुरकट

म्हटलं होतं ना, कोन सेट :)

गणिती

मी आधी टायर बदलायला सांगेन. धक्का देणारा तोच आहे. धक्काच नसेल तर ढिल्या कोन सेटला वाढवायला काही उरणार नाही, आणि कोण किती दोषी हेही वेगळं कळेल.

ऑइलचा_डाग

गणिती, प्रयोग म्हणून बरोबर, गाडी म्हणून चूक. टायरला लाटा का पडल्या ते बघा ना. चाक रस्त्यावर नीट चिकटून न राहता सूक्ष्म उड्या मारत राहिलं की ठोकळे असे एका बाजूने खाल्ले जातात. ढिला कोन सेट, कमी हवा, म्हातारं झालेलं शॉकअपचं ऑइल, बॅलन्स नसणं, सगळं त्यात हातभार लावतं. ढिल्या कोन सेटवर नवा टायर चढवला तर तोही त्याच वाटेने जाईल. आणि खाच पडलेलं स्टिअरिंग ही सुरक्षिततेची बाब आहे, ते थांबवून ठेवू नये. आधी कोन सेट, मग टायर. मधे काही दिवस जुन्या टायरवर चालवा, म्हणजे तुमचा प्रयोगही होईल.

पानापकड

ऑइलचा_डाग यांना +१. काम करून घेताना या गोष्टी समोर उभं राहून बघा. वरच्या आणि खालच्या दोन्ही रेस बदलल्या पाहिजेत, नुसते बॉल नव्हे. जुनं ग्रीस पूर्ण पुसून नवं भरपूर भरायचं. खाचांचा नट हुक पान्याने आधी चांगला आवळून, हँडल काही वेळा टोकापर्यंत फिरवून रेस बसवायच्या, मग नट सैल करून शेवटचा ताण द्यायचा. त्यानंतर वरचा मोठा नट आवळला की ताण पुन्हा थोडा वाढतो, म्हणून तपासणी तो आवळल्यावरच करायची. 'खट्' शून्य हवं, आणि चाक अधांतरी असताना हँडलला सरळ रेषेतून हलका धक्का दिला की ते आपल्या वजनाने दोन्हीकडे टोकापर्यंत पडलं पाहिजे. केबल अडकत असतील तर ही चाचणी फसवते, तेवढं बघा.

चाक परत बसवताना आधी एक्सलचा नट, मग गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चार-पाच वेळा जोरात दाबायचे, आणि त्यानंतर एक्सलचा पिंच बोल्ट (एक्सलला नळीत आवळून धरणारा). दोन्ही नळ्या आपापल्या जागी सरळ बसतात. हा क्रम उलटा झाला तर एक नळी ताणलेली राहते आणि शॉकअप अडकत चालतो.

रस्ताच_घर

स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची झटपट हालचाल रोखणारा भाग) लावला तर? रेसच्या गाड्यांना असतोच की.

गणिती

रेसच्या गाड्यांना तो निरोगी गाडीवर लावलेला असतो. झिजलेल्या गाडीवर लावला तर थरथर दिसेनाशी होईल, झीज आत चालूच राहील. आणखी एक : डॅम्परमुळे वॉबल आवरतं, पण जास्त वेगातली वीव्ह वाढू शकते. फुकटचा फायदा इथे मिळत नाही.

वळणवेडी

अवांतर, पण महत्त्वाचं. खरंच मोठं वॉबल आलं, हँडल एका टोकाकडून दुसऱ्याकडे आपटायला लागलं, तर काय करायचं हे प्रत्येकाला माहीत असावं. ब्रेक करकचून दाबू नका, विशेषतः पुढचा. थ्रॉटल हळूहळू कमी करा. अंग पुढे टाकीवर झुकवा, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, हात मात्र सैल ठेवा.

नवशिका

ताई, पण मंदगती तर म्हणतायत की घट्ट धरल्यावर थांबतं?

वळणवेडी

चांगला प्रश्न. बारीक थरथर हाताच्या नुसत्या वजनाने दबते, तिथे हात डॅम्परचं काम करतात. मोठ्या वॉबलमध्ये ताठ केलेले हात वेगळं काम करतात : हँडल डावीकडे गेलं की शरीर त्याच्यासोबत ओढलं जातं आणि उलट धक्का उशिरा देतं, तोवर हँडल परत निघालेलं असतं. असा उशिरा पडलेला धक्का थरथर वाढवतो. म्हणून कोपर मऊ आणि तळहात टेकलेले.

मंदगती

अपडेट. कोन सेट बदलला. जुन्या खालच्या रेसवर बॉलच्या ठिकाणी छोटे खळगे ओळीने दिसत होते, ग्रीस वाळून तपकिरी झालं होतं. ताण वर सांगितल्याप्रमाणे तपासून घेतला.

जुन्या टायरवरच चालवली. हँडल वळणात आधीपेक्षा बरंच मोकळं वाटतं. थरथर निम्म्याने कमी, पण ६५ च्या आसपास अजून जाणवते. मग पुढचा टायर बदलला, बॅलन्स करून घेतला. आता बॉक्स रिकामा असताना काहीही नाही. बॉक्स भरलेला असताना पकड अगदी सैल केली तर किंचित चाहूल लागते, तेवढीच. शॉकअपचं ऑइलही बदललं. काळं आणि पातळ निघालं, दोन नळ्यांत पातळी वेगवेगळी होती.

म्हणजे धुरकट आणि गणिती दोघांचंही बरोबर निघालं, आणि ऑइलचा_डाग यांचा क्रम मला सगळ्यात उपयोगी पडला. सगळ्यांचे मनापासून आभार.

स्पोकवाला

वा! बॅलन्स कसा केला? मशीनवर?

मंदगती

नाही. कॅलिपर काढून, एक्सल दोन टेकूंवर ठेवून. चाक सावकाश सोडलं की जड बाजू खाली येऊन थांबते, तिच्या बरोबर समोर ५ ग्रॅमचं चिकटणारं वजन, पुन्हा सोडायचं. कुठेही थांबायला लागेपर्यंत. टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ ठेवला होता, त्यामुळे वजन कमीच लागलं.

नवशिका

मी पण माझी गाडी तपासली. 'खट्' नाही, खाच नाही, टायर ठीक. पण मी दिसायला छान म्हणून पुढचे शॉकअप टीमधून वर सरकवून गाडी पुढून खाली केली होती. साधारण २० मिमी. त्याचा संबंध असेल?

गणिती

नक्कीच असू शकतो. पुढून खाली केलं की स्टिअरिंगचा कोन उभा होतो आणि ट्रेल कमी होतो. ट्रेल म्हणजे स्टिअरिंगची रेषा जमिनीला जिथे टेकते ती जागा आणि टायर जिथे टेकतो ती जागा यांतलं अंतर. रस्त्यावरच्या गाड्यांत ते बहुधा ९० ते ११० मिमी असतं. हेच अंतर चाकाला आपोआप सरळ आणतं. ते घटलं की हँडल चपळ होतं, पण सरळ रेषेतला ठामपणा जातो. मूळ उंचीवर आणा, एवढा एकच बदल करा, आणि मग चालवून सांगा.

पानापकड

आणि वर सरकवलेले शॉकअप दोन्हीकडे सारखेच आहेत का ते आधी पट्टीने मोजा. एखाद-दोन मिमीचा फरक असला तरी एक्सल तिरका बसतो. नळ्या टीमध्ये पीळ घेऊन बसल्यात का हे बघायला काचेचा सपाट तुकडा दोन्ही नळ्यांवर आडवा ठेवा. चारही टोकं टेकली तर ठीक. काच डुगडुगली तर टीचे बोल्ट सैल करून नळ्या सरळ करा.

मंदगती, तुमच्यासाठी शेवटचं : नवा कोन सेट पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसतो आणि पुन्हा किंचित ढिला होतो. तेव्हा चाक उचलून 'खट्' परत तपासा, लागला तर नट थोडा घ्या.

मंदगती

लिहून ठेवलं. पुढच्या रविवारी चाक उचलतो, नवशिका तुम्हीही तेव्हाच शॉकअप मोजा आणि इथे लिहा.

नवशिका

मोजले. डावा उजव्यापेक्षा ३ मिमी वर आहे. उद्या दोन्ही मूळ जागी आणतो.